हळू चालवणारा पुढे

थायलंडला तुम्ही दोघंच गाडीवर फिरायला निघालाय, हे ऐकून बरं वाटलं. चियांग माईहून निघायचं आणि मे सारियांग, मे हाँग सॉन, पाय करत परत चियांग माईला यायचं, असा हा साधारण सहाशे किलोमीटरचा फेरा. वाटेतली वळणं तिथल्या लोकांनी मोजून ठेवलीत: १,८६४. या फेऱ्याचं प्रमाणपत्रसुद्धा मे हाँग सॉनला मिळतं. माझा बालमित्र आणि मी निवृत्तीनंतर हा फेरा करून आलो आणि आजही एकमेकांशी नीट बोलतो. तेव्हा जे उपयोगी पडलं, ते तुम्हाला सांगून ठेवतो.

रस्ता उत्तम डांबरी आहे. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. घाटांची सवय तर तुम्हाला आहेच. अवघड आहे ते दोन माणसांनी दोन गाड्यांवर एकच प्रवास करणं. बाकी सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका, पोरांनो: दोघांत जो हळू चालवतो, त्याचा वेग तोच सहलीचा वेग.

तिकिटाआधी एक बैठक

तिकीट काढण्याआधी दोघांनी तासभर चहाला बसायचं आणि ज्यावरून खटके उडू शकतात, नेमक्या त्याच गोष्टी काढायच्या. सकाळी कोण किती वाजता उठतो? दिवसाला किती किलोमीटर? फोटोसाठी किती वेळा थांबायचं? रात्री बिअर झाली तर दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं? एकाला पायच्या कॅफेत पाय पसरून दोन दिवस काढायचे असतात, तर दुसऱ्याला म्यानमारच्या सीमेजवळचं, युनानी चिनी लोकांनी वसवलेलं चहाचं गाव बान राक थाई बघायचं असतं. दोन्ही बेत चांगलेच, फक्त ते घरी ठरलेले असावेत.

पैशाचंही तेव्हाच ठरवा. टीटीएमएम कॉलेजच्या कट्ट्यावर ठीक, पण परदेशात प्रत्येक नारळपाण्याचा हिशोब करायला लागलात तर डोकं उठेल. एक सामायिक पाकीट करा. दोघांनी सारखे बाट टाकायचे, संपले की पुन्हा सारखे टाकायचे. खोली, पेट्रोल, जेवण त्यातून. खरेदी, दारू, मसाज ज्याचं त्याने बघायचं. पाकीट एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे ठेवली की संशयाला जागा उरत नाही. परदेशी कार्डावर तिथलं एटीएम दर वेळी दोनशेच्या वर बाट कापून घेतं, म्हणून चिल्लर रकमा काढत बसू नका.

आणखी एक प्रश्न आधीच विचारून टाका: गाडी पडली तर खर्च कोणाचा? आमचं ठरलं होतं की गाडीची दुरुस्ती पाडणाऱ्याची, पण त्यामुळे वाढलेल्या मुक्कामाचा खर्च दोघांचा. तुमचं वेगळं ठरलं तरी हरकत नाही. पडल्यानंतर रस्त्याच्या कडेला उभं राहून ठरवायची वेळ येऊ नये, एवढंच.

कागद

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओकडून मिळतो. शुल्क हजार रुपये आणि मुदत एक वर्षाची. हातात पडला की तिथेच उघडून बघा, त्यात मोटरसायकलचा वर्ग आहे का. नुसत्या चारचाकीच्या परवान्यावर हा प्रवास करता येणार नाही. मूळ भारतीय परवानाही सोबत हवा, कारण दोन्ही मिळूनच ते कागद पूर्ण होतात. चियांग माईच्या आसपास पोलिस नाक्यावर थांबवतात, हेल्मेट बघतात, परवाना मागतात. कागद पूर्ण असले की दोन मिनिटांत मोकळे.

परवान्याचा खरा उपयोग मात्र दवाखान्यात होतो. प्रवास विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा. दुचाकी चालवताना झालेला अपघात त्यात धरला आहे का? इंजिनच्या सीसीवर मर्यादा आहे का? वैध परवाना, हेल्मेट आणि मद्याबद्दल काय अटी आहेत? बऱ्याच पॉलिसींमध्ये घोडं इथेच अडतं. एजंट तोंडी ‘हो’ म्हणाला तर त्याच्याकडून लेखी घ्या. भाड्याच्या गाडीवर तिथल्या कायद्याने सक्तीचा विमा असतो, त्याला ते पोरोबो म्हणतात. पण त्यातून मिळणारी उपचाराची रक्कम अगदी मर्यादित असते, हाड मोडलं तर ती पुरणार नाही.

मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचं आणि ते फुकट आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.

आणि हे सगळे कागद फक्त स्वतःकडे ठेवून भागत नाही. एकमेकांचा पासपोर्ट, पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचा मदत क्रमांक, रक्तगट, कशाची ॲलर्जी, घरचा फोन हे दोघांकडेही असू द्या, आणि फोनबरोबर कागदावरही. माणूस पडतो तेव्हा त्याचा फोनही पडतो.

कधी जायचं

नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळा मे ते ऑक्टोबर, तेव्हा घाटात दरडी आणि चिखल. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जळत असतात, चियांग माईवर धुराचं झाकण बसतं आणि समोरचा डोंगर दिसेनासा होतो. तेरा ते पंधरा एप्रिल सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नववर्ष. पाणी उडवायला पायी जरूर जा, पण त्या दिवसांत दुचाकी बाहेर काढू नका. त्या देशात एरवीही रस्त्यावरच्या मृत्यूंमध्ये दुचाकीवाल्यांचाच भरणा असतो आणि सणात तर अपघातांना ऊत येतो.

नोव्हेंबरात गेलात तर वाटेतल्या खुन युआमजवळचे डोंगर पिवळ्या रानसूर्यफुलांनी भरलेले दिसतील. थंडीची मात्र चेष्टा करू नका. वाटेला लागून असलेलं दोई इंथानॉन २,५६५ मीटर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा नऊशे मीटरने उंच. पहाटे तिथे आणि पायच्या खोऱ्यात बोटं आखडतात, आणि आखडलेल्या बोटांनी ब्रेक उशिरा लागतो. एक जाड जाकीट घेण्यापेक्षा दोन-तीन थर घ्या आणि हातमोजे विसरू नका.

गाडी घेताना

घरी जे चालवता तेच तिथे चालवा. रोज ॲक्टिव्हा चालवणाऱ्याने परदेशातल्या घाटात पाचशे सीसीची हौस करू नये. दीडशेच्या आसपासच्या स्कूटरवर हा सगळा फेरा आरामात होतो. गिअरची सवय असेल तर गिअरची घ्या, पण दोघांनी एकच मॉडेल घ्या. टाकी सारखी असली की पेट्रोलला दोघं एकाच वेळी थांबता. ताकद सारखी असली की चढाला एक पुढे आणि एक मागे पडत नाही. शिवाय भारी गाडी कोणाकडे, यावरून मनात काही राहत नाही.

माझी उमेदीची वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात गेली, त्यामुळे टायरबद्दल थोडं जास्त बोलतो. नक्षी बघाल तशी बाजूची भिंतही बघा. तिथे बारीक चिरा असतील तर रबर वाळलंय असं समजायचं. टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. चार-पाच वर्षांपलीकडचा टायर असेल तर दुसरी गाडी मागा. मग ब्रेक, दिवे, दोन्ही आरसे, आणि एक किलोमीटरची फेरी. हॅंडल एका बाजूला ओढत असेल तर ती गाडी आधी पडलेली असू शकते.

गाडी ताब्यात घेताना मालकासमोर चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, प्रत्येक ओरखडा दाखवत. अनामत म्हणून पासपोर्ट द्यायचा नाही. रोख रक्कम आणि पासपोर्टची झेरॉक्स घेणारी दुकानं चियांग माईत मुबलक आहेत. हेल्मेट मात्र घरून, स्वतःच्या डोक्याचं न्या. भाड्याच्या दुकानात टोपीसारखी अर्धी हेल्मेटं हातात ठेवतात.

पहिला अर्धा दिवस चियांग माईतच सराव करा. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे आणि त्याच्या दोन्ही काठांनी एकेरी वाहतूक चालते. समोरच दिसणाऱ्या ठिकाणी जायलाही बरंच फिरून यावं लागतं. तिथे गोंधळ उडाला तर हसण्यावारी जातो.

आधी मे सारियांग

बहुतेक जण आधी पायला पळतात. तुम्ही उलटे जा. १०८ क्रमांकाच्या रस्त्याने मे सारियांग, तिथून मे हाँग सॉन, आणि १०९५ क्रमांकाचा, पायवरून येणारा वळणावळणांचा रस्ता शेवटी ठेवा. दक्षिणेकडची वळणं लांब आणि सैल आहेत, त्यांच्यावर हात बसतो. पहिल्याच सकाळी नव्या गाडीवर १०९५ घेतलात तर गाडी आणि रस्ता दोन्ही एकदम शिकावे लागतात.

चियांग माई ते मे सारियांग साधारण १९० किलोमीटर, तिथून मे हाँग सॉन १६५ च्या आसपास. मे हाँग सॉन ते पाय नकाशात शंभर-सव्वाशे दिसतं, पण थांबे धरून अर्धा दिवस जातो. यापेक्षा मोठे टप्पे ठरवू नका. खुन युआमला दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून मागे हटलेल्या जपानी सैनिकांच्या आठवणी जपणारं छोटं संग्रहालय आहे, तिथे तास द्या. मे हाँग सॉनला पूर्ण एक दिवस गाडी उभी ठेवा. तळ्याकाठची शान पद्धतीची देवळं आणि वर दोई काँग मूचा स्तूप पायी बघण्याचेच आहेत. पुढे पायच्या वाटेवर सॉपाँगजवळ थाम लोड नावाची गुहा आहे, तिच्यातून नदीच वाहते. कंदील घेतलेला वाटाड्या आणि बांबूचा तराफा, असं आत जायचं. टाकी अर्धी झाली की भरा. दोन गावांच्या मध्ये पंप लागेलच असं नाही. तेव्हा दुकानाबाहेर बाटल्यांतून किंवा हातपंपाच्या पिंपातून पेट्रोल मिळतं, थोडं महाग पण चालतं. पंपावर गॅसोहोल ९१ किंवा ९५ मागा, ई-८५ नको.

दोन गाड्यांचा रिवाज

आता मुख्य गोष्ट. हळू चालवणारा कायम पुढे. तो मागे राहिला की पुढच्याचा दिवा दिसेनासा झाल्यावर वेग वाढवतो आणि आपल्या नसलेल्या वेगात वळणात शिरतो. मित्राबरोबरचे बरेच अपघात ‘मागे पडू नये’ म्हणून होतात. तो पुढे असला की स्वतःच्या वेगाने जातो आणि मागच्याचंही त्याच्यावर लक्ष राहतं. चांगला चालवणाऱ्याचं मोठेपण मागे राहण्यात आहे.

हा क्रम जन्माचा नव्हे. सकाळचा वाघ जेवणानंतर जांभया देतो. तेव्हा न लाजता सांगायचं, आता मी पुढे.

सरळ रस्त्यावर एकाने डावीकडून आणि दुसऱ्याने थोडं उजवीकडून चालवायचं, म्हणजे दोघांना समोरचं दिसतं. वळणं सुरू झाली की एकामागे एक, मधलं अंतर दुप्पट. फाटा आला की पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. थांबायचं ते सरळ पट्ट्यावर रुंद जागा बघून, वळणात कधीच नाही. दहा मिनिटांत मागचा आला नाही तर परत फिरायचं. चालत्या गाडीवर एकमेकांना फोन लावायचा नाही. पेट्रोल, पोट आणि थांब, एवढ्या तीन खुणा हाताने ठरवून घ्या, बाकी बोलणं चहाला.

घाटात

वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. नजर वळण संपतं तिथे ठेवायची, गाडी नजरेमागे जाते. मधल्या रेघेपासून दूर राहा, कारण समोरून येणारे पिकअप वळण कापत तुमच्या बाजूला येतात. ओली पानं, वाळू, दरडीचे खडे हे सावलीतल्या वळणावर जास्त असतात. गावात कुत्री रस्त्यातच झोपतात आणि हॉर्नने उठत नाहीत.

उतार हा स्कूटरवाल्याचा खरा पेपर. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि वेग फार उतरला की स्कूटरचा आतला क्लच सुटतो. इंजिनची ओढ चाकाला मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की मऊ पडतात. म्हणून अधूनमधून किंचित ॲक्सिलरेटर द्या, क्लच पुन्हा धरतो आणि इंजिन गाडी आवरून घेतं. दोन्ही ब्रेक दाबून सोडा, दाबून सोडा, सतत धरून ठेवू नका. जळका वास आला तर बाजूला घ्या आणि दहा मिनिटं डोंगर बघा.

हॉर्नची आपली सवय तिथे घरी ठेवा. ते लोक क्वचितच वाजवतात आणि उगाच वाजवलेला हॉर्न त्यांना शिवी वाटते. समोरच्याने दिवा मारला तर तो वाट देत नाहीये, ‘मी येतोय’ म्हणतोय. दुचाकीने डाव्या कडेची लेन धरायची. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार पडायला लागतो, म्हणून चारला मुक्कामी पोहोचायचं. रात्री घाट नाही, कितीही चांदणं असलं तरी.

पोट आणि रीतभात

खाणाऱ्याची चैन आहे. चियांग माईचं खाव सोई चुकवू नका. तुमच्यातला शाकाहारी असेल त्याने एक लक्षात ठेवावं: भाजीतही मासळीचा रस असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधा, तिथे मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही नसतो. देवळात खांदे-गुडघे झाकलेले, पादत्राणं बाहेर. सार्वजनिक ठिकाणी सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की उभे राहा. आवाज चढवून तिथे कुठलंच काम होत नाही, हसून होतं.

पडलं तर

उभ्या असलेल्याने आधी आपली गाडी मागे, दुरून दिसेल अशी लावायची आणि येणारी वाहतूक सावध करायची. पडलेल्याला ओढून उभं करायचं नाही, हेल्मेट खेचायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५. हे दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये घाला. मग विमा कंपनी, मग फोटो, गाडीचा मालक सगळ्यात शेवटी. डोक्याला मार लागला असेल तर ‘मी ठीक आहे’ यावर विश्वास ठेवू नका. त्या दिवशी त्याने गाडीवर बसायचं नाही. गाडी पिकअपमध्ये टाकून नेता येते, गावात विचारलं की कोणीतरी मिळतं.

‘आज नको’

शेवटचा नियम छोटा आहे, पण निघण्याआधी हातावर हात मारून कबूल करून घ्या. दोघांपैकी कोणीही, कुठल्याही सकाळी ‘आज नको’ म्हणाला की त्या दिवशी गाड्या निघणार नाहीत. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, खोलीचे पैसे फुकट गेले असं म्हणायचं नाही. झोप झाली नसेल, पोट बिघडलं असेल, आदल्या दिवशीच्या वळणात भीती बसली असेल. बरेच जण मित्रासमोर भीती कबूल करत नाहीत आणि तशीच गाडी काढतात. हा नियम असला की कबूल करावं लागत नाही. म्हणून बेतात दोन दिवस मोकळे ठेवा आणि परतीचं विमान फेरा संपल्याच्या संध्याकाळचं घेऊ नका. दोन दिवस वापरलेच नाहीत, तर ते पायच्या कॅफेत घालवा. तिथे लोळायला एक जण तयारच असतो.